फवारणीआधीचा आकडा

दिवाळी अंक हातात पडतो तेव्हा आमच्या जिल्ह्यात तूर फुलोऱ्यात असते. सोयाबीनची काढणी झालेली, कुठे मळणी चाललेली, ज्वारीची पेरणी उरकत आलेली आणि तुरीवर शेंगा पोखरणारी अळी दिसू लागलेली. द्राक्षाच्या बागांची फळछाटणी होऊन गेली की तिथेही दिवसाआड फवारा सुरू होतो. धाराशिव, तुळजापूर, उमरगा या बाजूला लक्ष्मीपूजनाच्या सकाळीसुद्धा पाठीवर पंप घेतलेला माणूस बांधावरून जाताना दिसतो. कुठे निघालात म्हणून विचारले तर 'औषध मारायला' असे सांगतो. विषाला औषध म्हणण्याची ही रीत साऱ्या मराठवाड्यात आहे.

मी धाराशिवच्या एका महाविद्यालयात तीस वर्षे रसायनशास्त्र शिकवले. गावाकडच्या आमच्या शेतावर तेव्हा एक सालगडी होते. आम्ही घरातले सगळे त्यांना मामा म्हणत असू. १९९६ च्या दिवाळीनंतरची गोष्ट. तुरीवर मोनोक्रोटोफॉसची फवारणी चालली होती. बादलीत औषध ओतायचे, पाणी घालायचे, काठी सापडली नाही तर हातानेच ढवळायचे, पंप भरायचा, असा दिवसभराचा क्रम. दुपारी वारा फिरला. तिसऱ्या प्रहरी मामा बांधावर येऊन बसले. तोंडाला लाळ सुटलेली, अंग घामाने निथळणारे, पोटात मुरडा. डोळ्यांपुढे धुके आल्यासारखे वाटते म्हणाले. मी पापणी वर करून पाहिली तर बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झालेली. बैलगाडीने सडकेपर्यंत आणि तिथून जीपने शहरात नेले. दवाखान्यात रात्रभर अॅट्रोपीनची इंजेक्शने दिली. तिसऱ्या दिवशी ते उठून बसले, चहा मागितला.

रक्ताचा नमुना मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत पाठवला होता. अहवाल आठ दिवसांनी आला. 'कोलिनेस्टरेज' असे लिहून पुढे एक आकडा होता, आणि त्याच्या शेजारी नॉर्मल माणसाचा आकडा किती ते किती असतो हे छापलेले. मामांचा आकडा खालच्या मर्यादेच्या जरा वर होता. डॉक्टर म्हणाले, नॉर्मल आहे, काळजीचे कारण नाही. बाहेर आल्यावर मामांनी मला विचारले, "दादा, नॉर्मल म्हंजे कुनाचं? माझं का लोकायचं?"

मला उत्तर देता आले नाही. अहवाल नॉर्मल आला म्हणून अकराव्या दिवशी मामा शेजारच्या द्राक्षबागेत रोजाने फवारणीला गेले. पिठ्या ढेकणासाठी डायक्लोरव्हॉस मारायचे होते. काम अर्ध्याच दिवसाचे, पहिल्यापेक्षा कितीतरी कमी. तरी या वेळी ते जास्त गंभीर झाले. वाचले, पण पुन्हा पंप पाठीला लावला नाही, आणि पुढच्या पाडव्याला आमचे सालही सोडले. त्यांच्या त्या प्रश्नाचे उत्तर मी नंतर बरीच वर्षे जमेल तसे शोधत राहिलो. ते रक्तातल्या एका विकराच्या वेगात आहे, आणि तो वेग मोजायची एक जुनी, स्वस्त, विजेच्या काट्याची पद्धत आहे. तिच्याविषयी लिहायचे ते एवढ्यासाठी.

आधी तो विकर काय करतो ते सांगायला हवे. मज्जातंतूचे टोक आणि स्नायू यांच्यामध्ये एक अतिसूक्ष्म फट असते. 'आवळ' हा निरोप ही फट ओलांडून जातो तो एका रसायनाच्या रूपात. त्याचे नाव अॅसिटिलकोलिन. हे रसायन निरोप्या आहे याचा पुरावा ऑटो लोवी यांनी १९२१ मध्ये बेडकाच्या दोन हृदयांवर प्रयोग करून दिला. एका हृदयाचा मज्जातंतू उत्तेजित करून त्याचा वेग मंदावला, आणि त्याच्या भोवतीचे द्रावण दुसऱ्या हृदयावर सोडले, तर तेही मंदावले. निरोप पोचला की निरोप्याला ताबडतोब तिथून हटवावे लागते, नाही तर स्नायू आवळलेलाच राहील. हे हटवण्याचे काम अॅसिटिलकोलिनेस्टरेज हा विकर करतो. आमच्या मोंढ्यात हमाल जसे आलेले पोते उतरवून जागा मोकळी करतात तसा तो एकेक रेणू धरतो, त्याचे अॅसिटिक आम्ल आणि कोलिन असे दोन तुकडे करतो आणि पुढच्याला हात घालतो. एक हमाल सेकंदाला हजारो पोती हलवतो, एवढाच काय तो फरक.

सेंद्रिय फॉस्फरसची कीटकनाशके या हमालाचे हातच बांधतात. लोवी यांना हेन्री डेल यांच्यासोबत नोबेल पारितोषिक मिळाले ते १९३६ मध्ये. त्याच वर्षाच्या अखेरीस जर्मनीत गेरहार्ट श्राडर हे रसायनशास्त्रज्ञ कीटकनाशके शोधत असताना त्यांच्या हाती टाबून हा विषारी वायू लागला. पुढे त्याच घराण्यातून एकीकडे युद्धातली अस्त्रे निघाली आणि दुसरीकडे शेतातली औषधे. मोनोक्रोटोफॉस, डायक्लोरव्हॉस, क्लोरपायरिफॉस, प्रोफेनोफॉस, आमच्याकडे ज्याला सरसकट 'थायमेट' म्हणत ते फोरेट, ही सगळी या एका कुळीची. अळीच्या शरीरातही हाच विकर असतो, म्हणून अळी मरते. माणसात हमाल बसले की पोती साचत जातात. लाळ, घाम, बारीक झालेल्या बाहुल्या, स्नायूंचे फडफडणे ही साचल्याची लक्षणे. शेवटी श्वासाचे स्नायू थकतात.

आता कुणाच्या मज्जातंतूचा तुकडा काढून विकर तपासता येत नाही. पण निसर्गाची एक सोय आहे. हाच विकर रक्तातल्या तांबड्या पेशींच्या आवरणावरही असतो. तो तिथे नेमके काय करतो हे महत्त्वाचे नाही. विष त्यालाही तसेच बांधते, म्हणून तो साक्षीदार म्हणून चालतो. रक्तद्रवात त्याचा एक चुलतभाऊ फिरतो, ब्युटिरिलकोलिनेस्टरेज. तो यकृतात तयार होतो. आपल्याकडच्या प्रयोगशाळांत 'सीरम कोलिनेस्टरेज' म्हणून बहुधा हा चुलतभाऊच मोजतात. मोजायला तो सोपा. साक्षीदार मात्र तांबड्या पेशीतला अधिक खरा.

विकर मोजणे म्हणजे तो रक्तात किती मिलिग्रॅम आहे ते मोजणे नव्हे. विषबाधा झालेल्या माणसाच्या रक्तातही विकर तेवढाच असतो, फक्त काम करत नसतो. मोंढ्याच्या हजेरीपटावर शंभर नावे असली तरी किती पोती हलली ते पाहिल्याशिवाय कळत नाही की त्यातले चाळीस हात बांधून बसलेत. म्हणून विकराला काम द्यावे लागते आणि घड्याळ लावावे लागते. ठरलेल्या तापमानाला, ठरलेल्या वेळात त्याने किती रेणू तोडले, तेच त्याचे माप. त्याला विकराची क्रियाशीलता म्हणतात. हे माप वजनासारखे स्थिर नाही. ते चालीसारखे आहे, चालणाऱ्याला चालायला लावल्याशिवाय मिळत नाही.

आणि इथेच आपल्या ओळखीचे एक यंत्र उपयोगी पडते. अॅसिटिलकोलिन तुटले की आम्ल तयार होते. आम्ल वाढले की द्रावणाचा सामू उतरतो. सामू हा शब्द शेतकऱ्यांना सांगायला नको. माती परीक्षणाच्या पत्रिकेवर तो पहिल्या ओळीत असतो. महाविद्यालयात आल्यावर मुले त्याला पीएच म्हणू लागतात आणि घरी बाप ज्याला सामू म्हणतो तो हाच, हे विसरतात. मी दरवर्षी पहिल्या तासाला ही आठवण करून देत असे.

मला स्वतःला उशिरा कळलेली गोष्ट अशी की सामू ही कल्पनाच मुळी विकरांच्या अभ्यासातून जन्मली. कोपनहेगनला कार्ल्सबर्ग या बिअरच्या कारखान्याची प्रयोगशाळा होती. तिथे सोरेन सोरेनसेन विकरांवर काम करत होते. द्रावणाच्या आंबटपणात थोडा फरक पडला तरी विकराचा वेग बदलतो, हे त्यांना सारखे आडवे येई. तो आंबटपणा नेमका सांगता यावा म्हणून त्यांनी १९०९ मध्ये सामूची मोजपट्टी मांडली आणि हायड्रोजनच्या इलेक्ट्रोडवर विद्युतदाब मोजून ती वापरात आणली. मातीसाठी नव्हे, विकरासाठी. पुढे १९३४ मध्ये अमेरिकेत आर्नल्ड बेकमन यांनी काचेच्या इलेक्ट्रोडला चांगला विद्युत्प्रवर्धक जोडून सुटसुटीत यंत्र बनवले, तेही कॅलिफोर्नियातल्या लिंबू बागायतदारांच्या प्रयोगशाळेला रसाचा आंबटपणा मोजता येईना म्हणून. म्हणजे हे यंत्र बागाइतीतूनच आलेले आहे.

काचेचा इलेक्ट्रोड काम करतो तो असा. टोकाला खास काचेचा पातळ फुगा असतो. आत ठरावीक आम्लाचे द्रावण, बाहेर आपला नमुना. दोन्हीकडच्या हायड्रोजन आयनांच्या प्रमाणात जेवढा फरक, तेवढा काचेच्या दोन बाजूंत विद्युतदाबाचा फरक पडतो. २५ अंश सेल्सियसला सामू एक एककाने बदलला, म्हणजे हायड्रोजन आयन दहापट झाले, की हा दाब ५९ मिलिव्होल्टने बदलतो. काटा खरे तर व्होल्ट वाचतो. सामूचे आकडे आपण त्यावर छापलेले असतात.

या काट्याने कोलिनेस्टरेज मोजण्याची रीत हॅरी मिशेल यांनी १९४९ मध्ये प्रसिद्ध केली. ते अमेरिकी लष्कराच्या रासायनिक विभागात होते. युद्धवायूंच्या कामामुळे लष्कराला ही चाचणी हवी होती. रीत साधी आहे. तांबड्या पेशी धुऊन पाण्यात फोडायच्या, त्यातला अगदी थोडा भाग मोजून घ्यायचा. त्यात सामू ८ च्या आसपास धरून ठेवणारे उभयरोधी द्रावण मिसळायचे. २५ अंशाच्या पाण्यात भांडे ठेवायचे, सामू टिपायचा, अॅसिटिलकोलिन घालायचे आणि तासाभराने पुन्हा सामू टिपायचा. निरोगी माणसात तो तासाला पाऊण एककाच्या आसपास उतरतो. पाऊण एकक म्हणजे साधारण ४४ मिलिव्होल्ट. एका थेंबभर रक्तातला विकर तासाभरात काट्यावर एवढी हालचाल करतो. आमच्या काळ्या जमिनीचा सामूही बहुतेक ठिकाणी आठच्या आसपासच असतो. हा निव्वळ योगायोग आहे, पण माझ्यासारख्याला तो सांगावासा वाटतो.

मिशेल यांच्या रीतीतली हुशारी त्या उभयरोधी द्रावणात आहे. सामू उतरत गेला की विकर मंदावतो, म्हणजे पहिल्या अर्ध्या तासात जेवढे आम्ल झाले तेवढे दुसऱ्यात होणार नाही आणि हिशेब वाकडा होईल. त्यांनी द्रावण असे निवडले की सामू उतरेल तशी त्याची आम्ल पचवण्याची ताकदही कमी होत जाते. विकर थकतो त्या प्रमाणात द्रावणही सैल पडते आणि सामू सरळ रेषेत उतरत राहतो.

हे मी एका उन्हाळी सुट्टीत महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत करून पाहिले. रक्त माझेच, काढून दिले एका ओळखीच्या तंत्रज्ञाने. पहिल्या दिवशीचे सगळे आकडे फुकट गेले. मे महिना, खोलीत ३९ अंश, आणि २५ अंशाला पाणी ठेवायचे तर बर्फ लागणार. बर्फ आणला तोवर वीज गेली. विकराचा वेग तापमानाबरोबर बदलतो. पाणी दोन-तीन अंशांनी इकडे तिकडे झाले तरी विषबाधा नसलेल्या माणसाला विषबाधा दिसू शकते. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला सुरुवात केली. तेव्हा दुसरी अडचण दिसली. रक्तातली प्रथिने काचेच्या फुग्यावर बसतात आणि काटा हळूहळू सरकत राहतो. दर वाचनानंतर इलेक्ट्रोड धुवावा लागे. तिसरी गोष्ट, अॅसिटिलकोलिन विकराशिवायही आपोआप थोडे तुटतेच. म्हणून शेजारी रक्त न घातलेले एक भांडे ठेवायचे आणि त्याचा उतार वजा करायचा. हे सगळे सांभाळल्यावर चौथ्या दिवशी माझे तीन नमुने एकमेकांशी जुळले. आकडा पाऊण एककाच्या जवळ आला. कुठे तरी छापलेले वाचणे आणि स्वतःचा विकर काट्यावर चालताना पाहणे यांत फरक असतो.

मोसुल विद्यापीठातल्या संशोधकांनी ही रीत आणखी सोपी केल्याचे मला नंतर वाचायला मिळाले. इराकमध्ये यंत्रांचा तुटवडा, तेव्हा साधा सामूमापक, ३७ अंशाचे पाणी आणि अर्ध्या तासाच्या आत निकाल, अशी तिची बांधणी आहे. ३७ अंश आमच्याकडे बर्फाशिवाय मिळतात.

आजच्या प्रयोगशाळा बहुतेक वेळा काट्याऐवजी रंग वापरतात. जॉर्ज एलमन यांनी १९६१ मध्ये दिलेल्या रीतीत अॅसिटिलकोलिनऐवजी गंधक असलेले त्याचे जुळे रसायन वापरतात, अॅसिटिलथायोकोलिन. विकराने ते तोडले की थायोकोलिन सुटते, आणि ते दुसऱ्या एका रसायनाशी मिळून पिवळा रंग देते. रंग किती लवकर चढतो ते प्रकाशाने मोजायचे. रीत जलद आहे, शेकडो नमुने होतात. पण पिवळा रंग जिथे मोजायचा, जवळजवळ तिथेच हिमोग्लोबिन प्रकाश शोषते. तांबड्या पेशीतला विकर मोजायचा आणि तांबड्याच रंगाने वाट अडवायची, असा हा पेच आहे. इलेक्ट्रोडला रंग दिसत नाही. रक्त लाल असो, गढूळ असो, त्याला विजेशी मतलब.

म्हणून गेल्या काही दशकांत दोन्ही रीतींचा संकर झाला. थायोकोलिन इलेक्ट्रोडला स्वतःचे इलेक्ट्रॉन देऊ शकते. तेव्हा रंगाचे रसायन काढून टाकायचे, कार्बनचा लेप छापलेल्या बोटभर पट्टीवर थेंब ठेवायचा, ठरावीक दाब लावायचा आणि वाहणारा प्रवाह मोजायचा. विकर जितका कामसू तितके थायोकोलिन जास्त, तितका प्रवाह जास्त. इथेही भानगडी आहेत. रक्तातले युरिक आम्ल, क जीवनसत्त्व, इतर गंधकयुक्त रेणू यांनाही इलेक्ट्रॉन द्यायचे असतात आणि ते मध्येच हात पुढे करतात. मग पट्टीवर प्रशियन ब्ल्यू किंवा कोबाल्ट थॅलोसायनिनसारखा मध्यस्थ बसवतात, म्हणजे कमी दाबावर थायोकोलिनचे काम होते आणि इतरांची लुडबुड घटते.

वाचकांपैकी अनेकांच्या घरात अशी पट्टी आहेच. साखर तपासायचा ग्लुकोमीटर याच वंशातला. लेलंड क्लार्क यांनी १९६२ मध्ये इलेक्ट्रोडवर ग्लुकोज ऑक्सिडेज हा विकर बसवून साखर मोजण्याची कल्पना मांडली आणि १९८७ मध्ये लेखणीएवढा मीटर बाजारात आला. फक्त दोन्हींचा रोख उलटा आहे. ग्लुकोमीटरच्या पट्टीवर विकर आपण पुरवतो आणि रक्तातली साखर मोजतो. कोलिनेस्टरेजच्या पट्टीवर खाद्य आपण पुरवतो आणि रक्तातला विकर मोजतो. पहिली आज तालुक्याच्या औषधाच्या दुकानात मिळते. दुसरी बहुतांशी शोधनिबंधांत आहे. साखरेचा रुग्ण महिन्याला पट्ट्या विकत घेतो. फवारणारा मजूर घेणार नाही. माझ्या मते शास्त्रापेक्षा हे कारण मोठे आहे.

मात्र पट्टी असो की काटा, यंत्र आकडा देईल. मामांचा प्रश्न त्याच्या पुढचा होता. समजा, प्रयोगशाळेची नॉर्मल कक्षा ५० ते १०० आहे. माणसामाणसांत हा विकर इतका कमीजास्त असतो की कक्षा रुंद ठेवावीच लागते. ज्याचा मुळातला आकडा ९५ आहे तो ५५ वर आला तर त्याचे ४० टक्क्यांहून अधिक हमाल बसलेत; अहवाल म्हणेल, नॉर्मल. ज्याचा मुळातच ५२ आहे तो ४८ झाला तर अहवालात खाली बाण येईल, आणि त्याला झालेले काहीच नसेल. माणसामाणसांत फरक मोठा, पण एकाच माणसात हा आकडा बराच स्थिर असतो. म्हणून अर्थ आहे तो स्वतःच्या आधीच्या आकड्याशी तुलना करण्यात. तो आधीचा आकडा मामांजवळ नव्हता. कुणाजवळच नसतो.

रक्तद्रवातल्या चुलतभावाच्या बाबतीत तर हे अधिकच खरे. यकृताचा आजार, कुपोषण, गरोदरपण यांनीही तो उतरतो. काही माणसांत तो जन्मतःच कमी असतो. आर्य वैश्य समाजात असे लोक इतरांपेक्षा पुष्कळ जास्त आढळतात, हे दक्षिण भारतातल्या अभ्यासांतून दिसले आहे. एरवी त्यांना काही त्रास नसतो. फक्त शस्त्रक्रियेत सक्सिनिलकोलिन हे स्नायू सैल करणारे औषध दिले तर काही मिनिटांत उतरायचा परिणाम तासन्‌तास टिकतो, म्हणून भूलतज्ज्ञांना हे सांगून ठेवावे लागते. हा समाज आमच्या मराठवाड्यातही आहे. त्यातल्या एखाद्याचा आकडा पाहून त्याला विषबाधा ठरवणे किती सोपे आहे, पाहा.

कॅलिफोर्नियात १९७४ पासून नियम आहे की अशी तीव्र कीटकनाशके नियमित हाताळणाऱ्या मजुराचे रक्त हंगामाआधी, विषाचा संपर्क नसताना, तपासून त्याचा मूळ आकडा नोंदवायचा. पुढे ठरावीक काळाने पुन्हा तपासायचे. आकडा मुळाच्या ८० टक्क्यांखाली आला तर कामाच्या पद्धतीत चूक कुठे होते ते शोधायचे. तांबड्या पेशीतला विकर ७० टक्क्यांवर किंवा रक्तद्रवातला ६० टक्क्यांवर उतरला तर माणसाला त्या कामावरून बाजूला काढायचे, आणि दोन्ही पुन्हा ८० टक्क्यांवर चढेपर्यंत परत घ्यायचे नाही. त्याला लक्षणे आहेत की नाहीत हा प्रश्नच इथे येत नाही.

लक्षणांवर विसंबायचे नाही याला कारण आहे. अॅट्रोपीन विकराला हात लावत नाही. ते साचलेल्या निरोप्यांचा आवाज काही ठिकाणी बंद करते एवढेच, पण त्याने जीव वाचतो. बांधलेले हात सोडवणारे औषध वेगळे, प्रालिडॉक्झिम. तेही लवकर दिले तर, कारण काही काळाने विष आणि विकर यांची गाठ कायमची बसते. मग नवा विकर तयार होण्याची वाट पाहावी लागते. तांबडी पेशी नवा विकर बनवू शकत नाही. जुन्या पेशी मरून नव्या येतील तसाच तो भरून येतो, आणि पेशीचे आयुष्य सुमारे १२० दिवस. म्हणजे दिवसाला जेमतेम एक टक्का. मामा अकराव्या दिवशी बागेत गेले तेव्हा त्यांना बरे वाटत होते, भूक लागत होती, हात थरथरत नव्हते. पण गाठी बसून गेलेल्या असतील तर अकरा दिवसांत त्यांची पुंजी अकरा टक्क्यांच्या आसपासच भरली असेल. उरलेल्या रिकाम्या पुंजीवर अर्ध्या दिवसाचा डायक्लोरव्हॉस पुरेसा झाला.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात दाखल झाले. सरकारने विशेष तपास पथक नेमले. कोलिनेस्टरेजची चाचणी तिथल्या तिथे होत नव्हती, हा मुद्दा त्या वेळी बराच गाजला. मुद्दा बरोबर होता. तरी तिथे यंत्र असते तर सगळे उलगडले असते असेही नाही. तिथे वापरलेल्या औषधांत सगळीच या कुळीची नव्हती. पायरेथ्रॉइड किंवा डायफेन्थियुरॉन यांनी झालेली बाधा हा विकर सांगत नाही. आणि जे या कुळीचे होते त्यांच्या बाबतीतही दाखल झाल्यानंतरचा पहिला आकडा हा तुलनेला काही नसलेला आकडा असतो. फोरेट आणि डायक्लोरव्हॉस यांच्यावर २०२० च्या अखेरीपासून बंदी आहे. क्लोरपायरिफॉस, प्रोफेनोफॉस दुकानात आहेत.

आमच्या भागातली द्राक्षे युरोपात जातात तेव्हा त्यांचे काय होते ते पाहण्यासारखे आहे. अपेडाच्या ग्रेपनेट या व्यवस्थेत २००६ पासून निर्यातीच्या बागांची नोंदणी होते, घडांचे नमुने प्रयोगशाळेत जातात, एकेका कीटकनाशकाचा अंश मोजला जातो, पुण्याजवळच्या मांजरी येथील द्राक्ष संशोधन केंद्र त्यावर देखरेख ठेवते. अंश जास्त निघाला तर माल अडतो. व्यवस्था चांगली आहे, बागायतदारांनी ती कष्टाने सांभाळली आहे. त्याच बागेत फवारणाऱ्या माणसाचा नमुना मात्र कुठेच जात नाही.

सामूमापक धाराशिव जिल्ह्यात कमी नाहीत. माती तपासणाऱ्या प्रयोगशाळांत आहेत, प्रत्येक विज्ञान महाविद्यालयात आहेत, साखर कारखान्यांत आहेत. आता धाराशिवला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही झाले आहे. मे-जूनमध्ये, पहिला फवारा सुरू होण्याआधी, फवारणाऱ्यांचे थेंबभर रक्त घेऊन आकडा नोंदवणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. अवघड दुसरेच आहे. फवारणारा आज या शेतात, उद्या त्या शेतात असतो. त्याचा आकडा सांभाळायचा कुणी? आकडा उतरला तर त्याला महिनाभर पंप घेऊ नको म्हणायचे, मग त्याचा रोज कुणी द्यायचा? आणि आकडा कमी दिसला म्हणून त्यालाच कामावर घेणे बंद झाले तर? मी हे आमच्या गावात बोललो तेव्हा एका पोराने सरळ सांगितले, "सर, कमी निघाला तर कुनाला सांगायचा नाय." त्याचे चूक आहे असे मला म्हणता येत नाही.

मामांचा थोरला मुलगा आता फवारणी करतो. यंदा जूनच्या पहिल्या आठवड्यात, सोयाबीनची पेरणी व्हायच्या आधी, त्याला शहरातल्या एका प्रयोगशाळेत नेले आणि चाचणी करवली. पैसे मी दिले, नाही म्हणता म्हणता त्याने दिवस मोडला. दोन दिवसांनी अहवाल आला. कक्षेच्या वरच्या बाजूचा आकडा निघाला. तो कागद मी मामांच्या १९९६ च्या अहवालाला टाचणीने लावून ठेवला आहे. तुरीची शेवटची फवारणी झाली की दुसरी चाचणी करायची, आणि त्याच प्रयोगशाळेत करायची, कारण रीत बदलली की एकके बदलतात आणि दोन आकड्यांची तुलना होत नाही, हे त्याला समजावून सांगितले आहे. त्याने मोबाइलमध्ये जूनचा आकडा लिहून घेतला. नावाच्या जागी 'माझं' असे लिहिले आहे.